शेवटच्या बाकाकडं बघून

किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो. आमच्या भूगर्भशास्त्र विभागात तर चहा गार होतो, तरी ते संपत नाहीत. विद्यापीठात स्क्रीन आणि कॅमेरे आल्यापासून त्यांत भरच पडली. बहुतेक किस्से जाधव सरांचे. सर म्हणजे माझे यजमान. पण विभागात ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना सर. परवाच्या उन्हाळ्यात ते गेले. किस्से मात्र थांबले नाहीत.

*

स्मार्ट बोर्ड नवा होता तेव्हाची गोष्ट. सर मूळचे फुलंब्रीचे, हातात कायम दगड फोडायची हातोडी. पडद्यावर बेसाल्टचा फोटो आला आणि सवयीनं त्यांनी ठोका मारला. बोर्डाला तडा!

शहागंजचा सलीमभाई आमचं कॅमेऱ्याचं आणि एडिटिंगचं काम बघतो. त्यानं कपाळाला हात लावला. "सर, ये क्या किया?"

"खडक लई पक्का वाटला रे!"

*

पुढं व्याख्यानं रेकॉर्ड करायचं ठरलं. रिकामी खोली, समोर फक्त कॅमेरा. सर प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. चांगलेच थांबायचे. मधूनच मान वळवून कोपऱ्याकडं बघायचे.

"सर, उधर कोई नहीं है," सलीमभाई म्हणाला.

"तिकडं शेवटचा बाक येतो, खिडकीजवळचा. तिथं एक जण असतोच, मधेच उठून जाणारा. त्याच्यासाठी थांबावं लागतं!"

*

सर गेल्यावर तीच व्याख्यानं वर्गात दाखवू लागले. नवे विभागप्रमुख म्हणाले, "मधली शांतता काढून टाका, मुलं कंटाळतात." सलीमभाईनं काढली. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, वर्गात व्याख्यान लावलं, तर शांतता जागच्या जागी!

"जुनी फाइल लागली असेल," मी म्हटलं.

"मॅडम, जुनी मी कालच उडवली."

त्यानं पुन्हा कापली. ती पुन्हा आली. मग त्यानं नाद सोडला. "राहू द्या. सरांना घाई आवडायची नाय."

*

बिडकीनची नाझनीन पहिल्या बाकावर बसते. पडद्यावर सरांनी विचारलं, "लाव्हा सावकाश थंड झाला तर स्फटिक मोठे की बारीक?"

"बारीक!" ती बोलून गेली.

"नाही. परत विचार कर," पडद्यावरून सर म्हणाले. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी तिनं हे मला सांगितलं, तेव्हा मी तिला समजावलं, "अगं, पहिलं उत्तर बहुतेकांचं चुकतंच. सरांना ते माहीत होतं, म्हणून तसं बोलून ठेवलंय."

"व्हय मॅडम, मलाबी तसंच वाटलं. म्हणून आज तेच व्याख्यान परत लावलं आणि बरोबर उत्तर दिलं."

"मग?"

"शाब्बास म्हणाले."

*

यंदा अभ्यासक्रम बदलला. जुनी व्याख्यानं सर्व्हरवरून काढायचं काम माझ्याकडं आलं. मी त्यातलं एकही कधी पाहिलं नव्हतं. सर गेल्यापासून त्यांचा आवाजच ऐकला नव्हता.

"पेन ड्राइव्हवर देऊ का, मॅडम?" सलीमभाईनं विचारलं.

"नको." घरात एकटीनं ऐकायची हिंमत नव्हती. ऐकायचंच तर वर्गात, सगळ्यांबरोबर, या शेवटच्या खेपेला.

दुपारच्या तासाला मी मागं जाऊन बसले, खिडकीजवळ. सलीमभाईनं व्याख्यान लावलं. तोच निळा शर्ट, कोपराजवळ मी शिवलेला. सरांनी घसा खाकरला आणि बोलायला लागले. मी जेमतेम पहिल्या प्रश्नापर्यंत टिकले. सर थांबले, ती शांतता सुरू झाली, आणि मी पर्स उचलून उठले.

पडद्यावर सरांनी मान वळवली.

"मॅडम, बसा ना. तास संपला नाही अजून."

सगळी पोरं मागं वळली. कुणी हसलं नाही.

मी बसले.

सलीमभाईनं आवाज थोडा वाढवला.