शेजारणीची सही

तुमच्या आईचे दिवस भरत आले होते आणि माझ्याकडे अजून पासपोर्ट नव्हता. तुमचे आजोबा आदल्या वर्षी गेले, त्यामुळे मला एकटीलाच निघायचं होतं. तिकडे परदेशात तिच्याजवळ दिवसभर थांबणारं कोणी नव्हतं. तुमचे बाबा सकाळी ऑफिसला जात ते संध्याकाळी उशिरा परतत.

मी सगळी कागदपत्रं क्रमाने फाइलला लावून ठेवली होती. एका दुपारी पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार आले. त्यांनी फाइल पाहिली, पाणी प्यायले आणि म्हणाले की आता दोन शेजाऱ्यांनी माझी ओळख सांगून सह्या करायच्या.

कर्वेनगरच्या आमच्या इमारतीत दुपारी माणूस सापडणं अवघड झालं होतं. तरुण मंडळी हिंजवडीला, म्हातारी आपापल्या मुलांकडे परदेशी. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सही केली. दुसरीसाठी एकच दार उरलं, माझ्या समोरचं.

त्या दारामागच्या बाईंशी मी चार वर्षं बोलत नव्हते. सोसायटीची सेक्रेटरी असताना, जिन्यात ठेवलेल्या त्यांच्या चपलांच्या कपाटाबद्दल मी त्यांना नोटीस पाठवली होती. टाइप केलेली, इंग्रजीत, पोचपावतीसह. दार वाजवून सांगितलं असतं तरी भागलं असतं.

हवालदारांना मी उद्या येता का विचारलं.

"मावशी, उद्या दुसरा भाग आहे. इकडं आता पंधरा दिवसांनी."

पंधरा दिवस माझ्याकडे नव्हते. मी बेल वाजवली. ती त्यांची झोपेची वेळ होती, हेही मला माहीत होतं.

त्यांनी दार उघडलं, चष्मा लावला आणि हवालदारांचं बोलणं ऐकून घेतलं. मला ओळखता का, असं हवालदारांनी त्यांना विचारलं.

"अकरा वर्षं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "सहाला दूध घेतात, सातला फिरायला जातात. मागच्या वर्षी यजमान गेले. तेव्हापासून संध्याकाळी ह्यांच्या कुकरची शिटी वाजत नाही."

रात्रीचा स्वयंपाक मी सोडलाय, हे मी तुमच्या आईलाही सांगितलं नव्हतं.

"ह्यांच्याबद्दल काही तक्रार?"

"आहे ना. पण तुमच्या फॉर्मात तिला जागा नाही."

हवालदार हसले. बाईंनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग सही केली. ते जिना उतरून गेल्यावर आम्ही दोघी तशाच दारात उभ्या राहिलो.

"त्या नोटिशीचं माझं चुकलंच," मी म्हटलं.

"ते मुलगी मोकळी झाल्यावर बघू. आधी तिकिटाचं बघा."

पासपोर्ट वेळेत आला, पाठोपाठ व्हिसाही. तुमच्यातली थोरली जन्मली तेव्हा मी तिकडे पोचून चार दिवस झाले होते. तुमच्या आईने कळा सुरू झाल्यापासून माझा हात सोडला नाही.