दुसऱ्या रिमोटला नसलेलं बटण

व्हिडिओ गेममधलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. बीडमध्ये नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे, तिथे मी दुपारपर्यंत बसते. घरी आल्यावर चहा घेऊन तासभर खेळते. पण मतं म्हणाल तर भरपूर आहेत, आणि घरात ती ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

पहिलं मत असं की नवे कन्सोल उगाच आडमाप झालेत. आमचा टीव्हीच्या कपाटात मावत नाही. उभा ठेवला तर पडेल म्हणून जीव वरखाली होतो, आडवा ठेवला तर पाय मोडलेल्या पाटासारखा डुगडुगतो. आतला पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर बीडची सगळी धूळ. ज्यांनी तो बनवला त्यांनी आमचा मे महिना पाहिलेला नाही, एवढं मी लिहून देते.

दुसरं मत त्याच्या झोपेबद्दल. जरा वेळ रिमोटला हात लावला नाही की हा आपल्या मर्जीने झोपतो. दूध उतू जातंय का बघून परत येईपर्यंत पडदा काळा. मग त्याला उठवा, आपण कोण ते सांगा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. विकत आणलेल्या वस्तूने माझ्याशी असं वागावं याचा मला मनापासून राग येतो.

आणि सगळ्यात जुनं मत एका बटणाबद्दल आहे. ते लहानपणापासूनचं आहे आणि आता त्याला धार आली आहे.

माझं माहेर गेवराईकडच्या रस्त्यावरचं गाव. रस्त्यालगत वडिलांचं किराणा दुकान, मागे घर, घरामागे गोठा. वडिलांनी बीडच्या बाजारातून कॅसेट घालायचा टीव्ही गेम आणला होता. त्याला वायरचे दोन रिमोट होते. एक माझ्या मोठ्या भावाचा, एक माझा. दिसायला सारखेच, पण दुसऱ्या रिमोटला खेळ सुरू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण नव्हतं. ते फक्त पहिल्याला. म्हणजे डाव माझा, जीव माझा जायचा, आणि थांबवायचं बटण दादाच्या हातात. मी त्या बटणासाठी रडले आहे, दादाला चावले आहे, एकदा जेवलेही नाही.

दादाने रिमोट कधी बदलून दिला नाही. पण खेळात उडी मारायचा मोठा खड्डा आला की तो माझ्याकडे बघायचा. माझे तळहात घामाने ओले झालेले असायचे, अंगठा घसरायचा. तो खेळ थांबवायचा आणि म्हणायचा, "हात पूस." मी फ्रॉकला हात पुसायचे. मग तो खेळ सुरू करायचा आणि मी उडी मारायचे.

दादाला झाकणं आवडत नसत. तो गेम तापून बंद पडायचा, म्हणून त्याने वरचं प्लास्टिकचं झाकणच काढून टाकलं आणि समोर टेबलफॅन लावला. उघड्या पोटाचा तो डबा तासनतास चालायचा. मला केवढं कौतुक वाटलं होतं! पुढे मिक्सर, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, सगळ्यांची झाकणं त्याने उतरवली. यात त्याचं एकट्याचं विशेष काही नाही. आमच्याकडे यंत्र घरी आलं की आधी त्याचं झाकण जातं, मग हळदकुंकू लागतं.

वडील गेल्यावर दुकान आणि दोन म्हशी दादाने सांभाळल्या. कडब्याचे तुकडे करायला कुट्टीयंत्र आणलं. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळीचं झाकण होतं, हात आत जाऊ नये म्हणून. जाड कडबा त्यात अडकतो, काम रेंगाळतं. दादाने ते पहिल्याच दिवशी काढलं. गोठ्याच्या भिंतीला ते अजून टेकून उभं आहे. त्याचा हिरवा रंगसुद्धा उडालेला नाही.

चारा ओला होता. आत जात नव्हता म्हणून दादाने उजव्या हाताने रेटला. आतल्या फिरत्या रुळांनी चाऱ्याबरोबर हात ओढून घेतला. यंत्र बंद करायचं बटण गोठ्याच्या दुसऱ्या भिंतीवर होतं, दाराजवळ. त्याचा डावा हात मोकळा होता, पण बटण तिकडे. वहिनी अंगणात भांडी घासत होती, ती ओरडणं ऐकून धावली आणि तिने बटण दाबलं. तोवर मनगटाच्या वरपर्यंत सगळं संपलं होतं.

म्हणून माझं मत आता मी कुणालाही ऐकवते. ज्याचा जीव पणाला लागलाय, थांबवायचं बटण त्याच्या हाताशी पाहिजे. खेळ असो की यंत्र. हे ज्यांना कळत नाही त्यांनी काही बनवूच नये.

जखम भरली, पण दादा भरला नाही. उजवा हात तो टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा. मीसुद्धा तो उघडा पाहिला नव्हता. दुकान वहिनी बघायला लागली. आणि दादाने माणसांत जेवणं सोडलं.

त्याला कारण घडलं होतं. आम्ही लिंगायत, कपिलधारच्या यात्रेला घरचं कुणी ना कुणी जातंच. हात गेल्यानंतर आई त्याला आग्रहाने घेऊन गेली, मीही होते. पंगतीत प्रसाद वाढणारा पुढे पुढे येत होता. दादाने डावा हात पसरला. वाढणारा मान खाली घालूनच म्हणाला, "उजवा करा पुढं, उजवा." त्याची काही चूक नव्हती, डावा हात करणाऱ्या प्रत्येक पोराला तो तेच सांगत असणार. दादा ताटावरून उठला. 

तेव्हापासून आई ताट आतल्या खोलीत ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. डाव्या हाताने घास घेताना त्याला कुणी बघायला नको होतं. वहिनीने नको, स्वतःच्या आईनेही नको. कधी कधी ताट तसंच्या तसं परत यायचं. त्याच्या गालाची हाडं वर आली. आई फोनवर मला म्हणायची, "दोन घास जातेत का न्हाई कुणाला ठावं. दाराआडचं मला काय दिसतंय?" मला भीती वाटायला लागली होती. तो हळूहळू त्या खोलीतच संपेल, अशी.

एका गोष्टीला मात्र तो नाही म्हणत नव्हता, पूजेला. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या हाताने त्याची पूजा करतात. दादाकडे तळहात होता, पूजा करणारा हात नव्हता. मग आई त्याच्यासमोर बसायची. तो लिंग धरायचा, ती भस्म लावायची, पाणी घालायची, बेल वाहायची. दोघांची मिळून एक पूजा. एकदा सकाळी दारातून मी ते पाहत होते आणि मला एकदम रिमोट आठवला.

रिमोटचंही तेच आहे. कुठल्याही कंपनीचा घ्या, चालायचं काम डाव्या अंगठ्याला असतं. उडी, मारामारी, दार उघडणं हे उजव्याकडे. ज्या डाव्या हाताला आपण ताटात येऊ देत नाही, त्याला तिथे सगळ्यात मोठं काम. माझ्या मनात आलं, दादाने चालावं, मी उडी मारीन. एक खेळ जमला तर तो माझ्याबरोबर खोलीबाहेर बसेल, बसला तर कदाचित चार घास खाईलही. वेडगळ विचार होता, कबूल. दुसरा कुठलाही मला सुचला नव्हता.

पुढच्या रविवारी तो आडमाप डबा मांडीवर घेऊन मी माहेरी गेले. पुढच्या खोलीत टीव्हीला जोडला. दादा दारात उभा राहिला.

"कावून आणलं हे?"

"खेळायला."

"मला कशानं खेळू म्हणतीस? दातानं?"

"तू चाल, मी उड्या मारते. आई पूजा करती तसं."

 तो येऊन सतरंजीवर बसला, माझ्या उजव्या बाजूला, सवयीने. मी उठून दुसऱ्या बाजूला गेले. खांद्याला खांदा लावून आम्ही एक रिमोट दोघांत धरला. डावी मूठ त्याच्या हातात, उजवी माझ्या. टॉवेलमधला हात त्याने आमच्या दोघांच्या मध्ये मांडीवर ठेवला.

नव्या कन्सोलवर जुन्या धर्तीचा खेळ मी मुद्दाम शोधून घेतला होता. एक माणूस उजवीकडे पळतो, वाटेत खड्डे येतात. दादाने अंगठा सरकवला आणि माणूस चालायला लागला. दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

पहिल्या खड्ड्याला दादा म्हणाला, "आता." मी दाबलं. माणूस खाली पडलेला होता.

पुन्हा. "आता." पुन्हा खाली. मग मी त्याच्या सांगण्याची वाट न बघता दाबलं, तर तो नेमका थबकला आणि माणूस जागच्या जागी उडाला. मग दादा आधीच "आता" म्हणायला लागला, तेव्हा मीही आधी दाबलं. उडी मारायचं ज्याच्या मनात येतं त्याच्याच अंगठ्याने ती मारावी लागते. त्याच्या मनातून निघून माझ्या अंगठ्यापर्यंत पोचायला जो वेळ लागत होता, तेवढा वेळ तो खेळ देत नव्हता. आईच्या हातून बेल पडायला उशीर झाला तरी देव तळहातावर बसून असतो. खड्ड्याला कुणाची वाट बघायची नव्हती.

"तुला जमंना," तो म्हणाला.

"तू लई लवकर पळतोस."

"मी पळंना तर काय करू? तेवढंच ऱ्हायलंय मला."

पुढच्या खेपेला त्याचा श्वास मला ऐकू येत होता. खड्डा जवळ आला. त्याचा अंगठा घसरला, माझ्या लक्षात आलं. मी उडी मारली आणि माणूस हवेत असतानाच दादा ओरडला, "थांबव!"

थांबवायचं बटण उजव्या बाजूला होतं. माझ्या बाजूला. मी ते दाबलं.

माणूस खड्ड्यावर अधांतरी राहिला. आयुष्यात पहिल्यांदा दादाने मला ते बटण दाबायला सांगितलं होतं. लहानपणी ते मिळावं म्हणून काय काय केलं, आणि आता ते माझ्या अंगठ्याखाली होतं तर मला ते नकोसं झालं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हात पूस."

त्याने माझ्याकडे बघितलं. रिमोट सोडला आणि डावा तळहात मांडीवरच्या टॉवेलला पुसला, जोरात. टॉवेल सुटून खाली सरकला. आत जे होतं ते मी पाहिलं. गुलाबी, गोल, टाक्यांची ओळ असलेलं, लहान बाळाच्या गुडघ्याएवढं. त्याने ते झाकलं नाही. कदाचित त्याच्या लक्षात आलं नसेल. कदाचित झाकायचा कंटाळा आला असेल.

"सुरू करू?" मी विचारलं.

"नगं. ऱ्हाऊ दे तसाच. पडतोय कशाला पुन्हा."

आम्ही त्या अधांतरी माणसाकडे बघत बसलो. आई आत गेली आणि ताट घेऊन आली. तिने विचारलं नाही, दादासमोर ताट ठेवलं आणि निघून गेली. भाकरी तिने आधीच मोडून ठेवली होती. मी मान वळवली नाही. डोळे पडद्यावर गाडून बसले. पडद्याकडे बघायचं असलं की शेजारच्या माणसाकडे बघावं लागत नाही, हा एवढा गुण त्या डब्यात आहे. थोड्या वेळाने शेजारून चावण्याचा आवाज आला.

तेवढ्यात पडदा अंधारायला लागला. तो डबा झोपणार होता, मेला. झोपला की काळी काच उरणार, आणि काळ्या काचेत आम्ही दोघं दिसणार, तो खाताना आणि मी त्याच्या शेजारी. मी घाईने अंगठा हलवला. पडदा उजळला. खेळ थांबला की एक यादी येते, पुढे खेळायचं की बाहेर पडायचं. माझा अंगठा त्या दोन ओळींवर खालीवर करत राहिला, कुठलीच न निवडता.

तो सावकाश जेवत होता. डाव्या हाताने वरण ओघळत असणार, कारण मध्येच तो थांबायचा. माझा अंगठा थांबला नाही. आईने आणखी भाकरी आणून वाढली तेव्हाही मी पडद्याकडेच बघत होते, आणि त्याचं ताट रिकामं होईपर्यंत त्या माणसाला खड्ड्यावर जागं ठेवून बसले.