देवघराचा कोपरा

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मलेरिया खात्याचा फवारणीवाला आमच्या नौपाड्यातल्या घरी आला, तो भर वैशाखात.

“आता कुठले डास?” मी हसलो.

“असतात, साहेब. उन्हाळ्यात मरत नाहीत. अंगातलं पाणी जपत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतात.”

तसा कोपरा आमच्याकडे एकच होता, देवघर. मी त्याची जात विचारली आणि त्याला तिथे जाऊ दिलं नाही. बाकीचं घर त्याने निमूट फवारलं.

श्रावणात माझ्या धाकट्या मुलीला हिवताप झाला. फवारणीवाला पुन्हा आला. तिच्या कपाळाकडे नेलेला हात त्याने मध्येच मागे घेतला. मग पंपाची बादली देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून त्याने नळी माझ्यापुढे धरली.

“आत तुम्ही मारा, साहेब. मी बाहेरून पंप चालवतो.”

‘आत ये’ एवढंच म्हणायला हवं होतं. मी नळी घेतली.