भिंतीपलीकडची बादली

आमच्या ग्रुपवर रोज एकच काम असतं. आज कुठली रेकॉर्ड ऐकली, तिच्या कव्हरचा फोटो टाकायचा. जॅझवाले सकाळी चहाबरोबर टाकतात, रॉकवाले जेवणानंतर. भातसानगरच्या कॉलनीत राहणारे आमचे एक सभासद मात्र संध्याकाळ झाल्याशिवाय टाकत नाहीत. खाली दोनच शब्द, 'आज हे.' शहापूरच्या बाजारात भेटले तरी बोलणं साधारण तेवढंच. मला ते जरा शिष्टच वाटायचे.

एकदा त्यांच्याकडून आणलेली रेकॉर्ड परत करायला दुपार कलल्यावर गेलो. दार उघडंच होतं. तबकडी फिरत होती आणि हे तिच्यावर वाकून, कान पार सुईजवळ नेऊन बसले होते. ॲम्प्लिफायर बंद. नुसत्या सुईतून येतो तो डासाएवढा आवाज ते ऐकत होते.

"पलीकडचा रातपाळीला असतो धरणावर," ते हळूच म्हणाले. "झोपलाय."

"मग हेडफोन घ्या की."

"त्यात बादली ऐकू येत नाय."

मला काही कळलं नाही. ते पुन्हा वाकले. मीही समोरून कान लावला. कुठूनतरी लांबून ट्रम्पेट येत होता. तबकडीची ती बाजू संपत आली तेव्हा भिंतीपलीकडे न्हाणीत बादली आपटली, नळ सुटला.

"उठला," ते म्हणाले.

मग त्यांनी ॲम्प्लिफायर चालू केला, सुई उचलून परत पहिल्या गाण्यावर ठेवली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

फोटो त्यानंतर टाकला.