चौघांचा एक बिल्ला

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, वरचे हुकूम नागपूरहून यायचे आणि बुलढाण्याच्या आमच्या कचेरीत भाड्याच्या मोटारी हाकणाऱ्यांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं. परवाना झाला की ड्रायव्हरला नंबराचा पितळी बिल्ला मिळायचा. तो छातीवर असल्याशिवाय मोटार चालवायची नाही, असा नियम. नियम म्हणजे माझा जीव की प्राण. बाविशीचा होतो, सरकार माझ्याच खांद्यावर उभं आहे असं वाटायचं.

परवान्याची फी दुप्पट झाली त्या वर्षी, नूतनीकरणाला उशीर करणाऱ्यांवर दर महिन्याला चढता दंड लावावा, ही टिपणी मीच लिहिली. मंजूर झाली तेव्हा घरी पेढे नेले. पण वर्ष उलटलं आणि तिजोरीतला भरणा वाढायच्या ऐवजी निम्म्यावर आला. मोटारी मात्र तितक्याच धावत होत्या. साहेबांनी कारण विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "दंड आणखी वाढव, सुतासारखे सरळ येतील." मी तसा मसुदा करायला घेतला.

तो अर्धवट असतानाच एका लग्नाहून परत येत होतो. नांदुऱ्याला आगगाडीतून उतरून बुलढाण्याची मोटार धरली. मोताळ्याला ती थांबली, ती हलेचना. उतारू निवांत चहा पीत बसले. मी कुरकुरलो तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "बिल्ला येऊन राह्यला ना, बाबू. त्याच्याबिगर गाडी घाटात कशी जाईन?"

थोड्या वेळाने बुलढाण्याहून उतरलेली मोटार समोर येऊन थांबली. तिच्या पोरसवदा ड्रायव्हरने शर्टावरचा बिल्ला काढून आमच्या ड्रायव्हरला दिला, त्याने तो छातीवर लावला आणि गाडी सुरू झाली. तपासणी फक्त घाटाच्या नाक्यावर व्हायची आणि तिथला शिपाई पितळ बघायचा, माणूस नाही. त्या वाटेवर चार ड्रायव्हर आणि बिल्ला एक. ही गोष्ट सगळ्या रस्त्याला ठाऊक होती, फक्त परवान्याच्या टेबलाला नव्हती.

माझं डोकं भडकलं. बुलढाण्याला उतरताच ड्रायव्हरला गाठलं आणि मी कोण ते सांगितलं. तो रोहिणखेडचा, पिकल्या दाढीचा मुसलमान गृहस्थ. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने हात काही जोडले नाहीत.

"बिल्ला माहा हाये, बाबूसाहेब. गुन्हा लिहा त माह्या एकट्याच्या नावावर लिहा. त्या पोरायची घरं चालून राह्यली याच्यावर."

"मग ते फी का भरत नाहीत?"

"भरणारच होते. फी जमवली तव्हा दंड चढला. दंड जमवला तव्हा अजून चढला. मंग काऊन भरावं? धरलं त एकदाच दंड, नाही धरलं त काहीच नाही."

मला माझ्याच टिपणीची लाज वाटली. त्या पेढ्यांचीसुद्धा वाटली. चौघांना धरून दिलं असतं तर माझी पाठ थोपटली गेली असती, आणि चार चुली विझल्या असत्या.

मी मसुदा फाडला. हेडक्लार्कांनी समजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याच टिपणीवर आपण बोळा फिरवू नये, बाबा." तरी मी लिहिलंच. कुणाचंही नाव न घेता लिहिलं: फी पूर्वीइतकी करावी आणि तीन महिन्यांत येतील त्यांचा मागचा दंड माफ करावा.

साहेबांनी वाचून विचारलं, "दंडाची टिपणी तुमचीच ना?"

"हो साहेब. चुकलो."

"हीसुद्धा चुकली, तर या टेबलावर तुम्ही राहणार नाही." एवढं बोलून त्यांनी सही केली आणि कागद नागपूरला गेला.

मंजुरी आली. खिडकी उघडून बसलो, तर आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मी माश्या मारत होतो आणि खरं सांगतो, घाबरलो होतो. रविवारी उठून मोताळ्याला गेलो. चहाच्या दुकानात ते चौघे बसलेले. खिडकीवर का येत नाही, असं मी विचारलं.

"गेलो त नावं लिहून घेतीन अन् धरतीन," त्यातला तो पोरसवदा म्हणाला.

माझ्यापाशी दाखवायला काही नव्हतं. म्हणालो, "दंड मीच चढवला होता, मीच उतरवून आणला. याहून जास्त मला सांगता येत नाही."

रोहिणखेडच्या ड्रायव्हरने हातातली कपबशी खाली ठेवली. मग तो बाकीच्यांना म्हणाला, "याले आपल्याले धरून द्याचं असतं, त त्याच दिवशी देलं असतं."

सोमवारी तिघेही पैसे घेऊन खिडकीशी उभे होते आणि रोहिणखेडचा त्यांच्यामागे, नुसता सोबतीला. मग नांदुऱ्याचे आले, मलकापूरचे आले, शेगावचे आले. पावतीपुस्तकं कमी पडली. वर्षअखेर भरणा फी दुप्पट व्हायच्या आधीपेक्षाही वर गेला. साहेब फक्त म्हणाले, "राहा टेबलावर." मला रडूच आलं.

या साऱ्यात नुकसान झालं ते मोताळ्याच्या चहावाल्याचं. पुढे एकदा त्याच मोटारीने येत होतो. मोताळ्याला गाडी जरा टेकली तसा सवयीने उतरून चहा सांगितला. समोरून दुसरी मोटार आली, दोन्ही ड्रायव्हरांच्या छातीवर आपापले बिल्ले चमकत होते. भोंगे वाजले आणि ती न थांबता निघूनही गेली. आमच्या पिकल्या दाढीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून मला हाक मारली, "बसा बाबूसाहेब! आता कोनाची वाट पाहाची हाये?"