तिसरी वाट उघडल्यावर

नांदेडला विद्यापीठात पीएच.डी. करत होते तेव्हा एका आलेखावर मी जवळजवळ पाच महिने विश्वास ठेवला नाही. आलेख माझाच होता.

माझं काम कॉम्प्युटरवरचं. केसापेक्षा शेकडो पट बारीक तारांचं एक जाळं, तेही कडाक्याच्या थंडीत ठेवलेलं, आणि त्यातून इलेक्ट्रॉन कसे जातात त्याचं गणित. जाळं तसं साधंच होतं. डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार, मध्ये एक वाट वरून आणि एक खालून. सर म्हणाले, आता मधोमध तिसरी वाट टाका आणि प्रवाह किती वाढतो ते सांगा. वाढणार हे आम्ही दोघं धरूनच चाललो होतो.

मी तिसरी वाट थोडीथोडी उघडत नेली, तसा प्रवाह कमी होत गेला.

कुठंतरी वजाचं चिन्ह राहिलं असेल म्हणून दोन दिवस ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही. मग वाटलं, इलेक्ट्रॉन लाटेसारखे वागतात, एखाद्याच ऊर्जेला दोन लाटा एकमेकींना मारत असतील, तो योगायोग धरायचा नाही. म्हणून पुष्कळ वेगवेगळ्या ऊर्जा घेऊन सरासरी काढली. उतार थोडा सौम्य झाला, पण राहिला. बाजूच्या दोन वाटा रुंद केल्या की तो नाहीसा व्हायचा, अरुंद केल्या की परत यायचा. चुकीला इतकी शिस्त कुठून आली, हे मला कळेना.

सरांनी कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला.

"इलेक्ट्रॉन काय मुखेडच्या बाजाराला आलेत का, गर्दी बघून परत फिरायला?"

"सर, मी चार वेळा चालवलं."

"चारशे वेळा चालवा. प्रोग्राम चुकीचा असेल तर चारशे वेळा चुकीचंच येईल. ही फाइल कोणी हाताळली होती का?"

सरांनी सहज विचारलं असेल. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न रुतून बसला.

आमच्या लॅबमध्ये जोरात चालणारा कॉम्प्युटर एकच होता आणि तो वापरणारे आम्ही दोघं. दुसरा माझा सीनियर, उदगीरचा. घरचं किराण्याचं दुकान, गळ्यात इष्टलिंग, बोलणं मोजकं. मी त्याला दादा म्हणायचे. प्रोग्राम लिहायला मला त्यानंच शिकवलं होतं. पण मला फेलोशिप मिळाली त्या दिवशी तो म्हणाला होता, "तुम्हाला काय, सगळं मिळतं." एरवी तो मला तू म्हणायचा. त्या 'तुम्हाला'मध्ये माझ्याबरोबर आणखी कोणाकोणाला बसवलं होतं, हे माझ्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारावं लागत नाही. मी ते विसरले नाही.

सरांच्या त्या प्रश्नानंतर मी फाइलची वेळ पाहिली. शेवटचा बदल रविवारी दुपारी. रविवारी दुपारी मी घरून, मुखेडहून परत येणाऱ्या एसटीत होते, तिकीटसुद्धा पर्समध्ये सापडलं. लॅबची दुसरी किल्ली दादाकडे होती.

त्या दिवसापासून मला सगळंच वेगळं दिसायला लागलं. तो चहाला बोलवायचा, तर मला जागेवरून का उठवतोय असं वाटायचं. तो माझ्या खुर्चीमागून गेला की मी स्क्रीनवर दुसरंच काही उघडायचे. पासवर्ड बदलला. महिनाभरापूर्वीची जुनी प्रत पेनड्राइव्हवर होती, ती चालवली. तीतही प्रवाह घटलाच. खरं तर तिथंच माझा संशय संपायला हवा होता. पण मी काय म्हणाले? म्हणाले, यानं महिनाभर आधीपासूनच हात घातलाय.

शेवटी मी सरांना सांगितलं. नाव घेतलं नाही, फक्त रविवार आणि किल्ली एवढंच बोलले. सरांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली, "जरा काही दिवस" म्हणून. दादानं ती टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

"तू सांगितलंस?"

मी मॉनिटरकडे बघत राहिले.

त्याचा प्रबंध जवळपास लिहून झाला होता. पुढच्या महिन्यात तो लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला गेला. जाताना आपला कप आणि दोन वह्या घेऊन गेला. मला सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी वीज गेली आणि आली. मी प्रोग्रामच्या एका ओळीत बदल केला, सेव्ह केला आणि सवयीनं वेळ पाहिली. रविवार, दुपार.

मी मोबाइल पाहिला. मंगळवारच होता. पुन्हा सेव्ह केलं. पुन्हा रविवार.

लॅबचा तो कॉम्प्युटर नेटला जोडलेला नव्हता. आतली नाण्याएवढी बॅटरी मरायला टेकली होती, वीज गेली की त्याचं घड्याळ अडखळायचं आणि मागं पडायचं. दुरुस्तीवाल्यानं ती दहा मिनिटांत बदलली. "लई दिवसापासून गेलेली हाय मॅडम ही," म्हणाला. म्हणजे त्या रविवारी लॅबमध्ये कोणी आलंच नव्हतं. फाइल मीच बदलली होती, एक-दोन दिवसांनी, आपल्याच हातानं.

मी सरांना हेही सांगितलं. ते बराच वेळ पेन उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, "त्याला तुम्ही सांगा. मी कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या शनिवारी मी घरी गेले. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. माझं काम दिसत नाही म्हणून त्यांना त्याचा आधीपासून भरवसा नव्हता. मी कागदावर तीन वाटा काढून दाखवल्या. ते लगेच म्हणाले, "यात काय नवल हाय? आमच्या एका स्टँडला दोन फाटकं होती. तिसरं केलं तर सगळे तिकडूनच घुसायला लागले. गाड्या आडव्या. आधी बरं होतं."

ऐकायला फार छान होतं, आणि म्हणूनच मला ते पटेना. ड्रायव्हर आपल्या सोयीनं वाट निवडतो. इलेक्ट्रॉन निवडत नाही. त्याची लाट एकाच वेळी तिन्ही वाटांत पसरते, मधल्या वाटेत घुटमळते, काही मागं फिरते आणि आल्या दारानं बाहेर पडते. दिसायला दोन्ही सारखं, कारण मात्र वेगळं. मी त्यांना तसं सांगितलं.

"मग तुझं खरं कशावरून?"

"दुसऱ्या कोणी पहिल्यापासून स्वतः करून बघितलं तर."

"मग दे की दुसऱ्याला. ब्रेक ज्यानं बसवला त्यालाच इचारायचं न्हाई, ब्रेक बरोबर हाय का म्हणून. अन् देतीस तर अशाला दे, ज्याला तुझं चुकलेलं आवडंल."

असा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता.

मुखेडहून जळकोटमार्गे लातूरची गाडी धरली. क्लासच्या इमारतीत तीन मजले पोरंपोरी भरलेली, जिन्यात चपलांचे ढीग. तास संपवून तो बाहेर आला, बोटांना मार्करची शाई. मला पाहून थांबला.

"बोला. तुम्ही इकडं कशा?"

मी बॅटरीचं सांगितलं, सरांना काय सांगितलं होतं तेही सांगितलं. "माझं चुकलं" असं दोनदा म्हटलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "घड्याळ बिघडलं नसतं तर? मी केलं नाही हे तुम्हाला कशानं कळलं असतं?"

मी पिशवीत हात घातला.

"आता काय पाहिजे? सही?"

मी पिशवीतून एकच पान काढलं. त्यावर फक्त जाळ्याची मापं होती. आलेख नव्हता, प्रोग्राम नव्हता. "हे तुम्ही तुमच्या पद्धतीनं करून बघाल का? माझं काही बघू नका."

"तुमचं बघणारच नव्हतो," तो म्हणाला. "तुमच्या फाइलला हात लावायची मला भीती वाटते." पान मात्र त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

तीन आठवडे काही नाही. मला वाटलं, फेकलं असेल. नाहीतर मुद्दाम चुकीचं करून पाठवेल. हो, तेव्हासुद्धा मला असंच वाटलं. मग एका सकाळी मोबाइलवर एक फोटो आला. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा आलेख, तिसरी वाट उघडताना खाली जाणारी रेघ. त्याखाली एकच ओळ : "घटतो. मी चूक शोधायला बसलो होतो, मिळाली नाही."

पुढं वाचताना कळलं की परदेशातल्या काही लोकांना असं आधीच दिसलेलं आहे. सरांना थोडं वाईट वाटलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

प्रबंधात मी त्याचे आभार मानले, नावानिशी. तोंडी परीक्षेला बोलावलं, तो आला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच आलेख काढला आणि विचारलं, "ही प्रोग्रामची चूक नाही, कशावरून?"

"दुसऱ्या एकानं माझा प्रोग्राम न बघता स्वतःचा लिहून पाहिला, सर."

"तुमचे मित्र का?"

सर खाली मान घालून कागद सारखे करत होते. मी म्हणाले, "नाही सर. होते."

परीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पान उलटलं.