भात्याच्या दांड्यापाशी

बायको जाऊन चौदा महिने झाले. तिच्या कॅसेटी मी अजून लावत नाही. त्यांतली एक तयार होत असताना मी भिंतीआड उभा होतो, तेवढं लिहून ठेवतो. गोष्ट खूप आधीची, ऐंशीच्या दशकातली.

ती अहमदनगरची. तिथल्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. मिनेसोटात आल्यावर रीतसर ऑर्गन शिकली, आणि बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या, जर्मन रचना जुन्या ऑर्गनवरच ध्वनिमुद्रित करायच्या, असा तिनं ध्यास घेतला. तसा एक ऑर्गन पेन्सिल्व्हेनियातल्या एका खेड्यातल्या दगडी चर्चमध्ये मिळाला. त्यात हवा भरणाऱ्या विजेच्या पंख्याची घरघर टेपवर येई, म्हणून हवा हातानं भरायचं ठरलं. मागच्या कोंदट खोलीत भात्याचा लाकडी दांडा होता. तो वर-खाली करायचं काम माझ्याकडे आलं. तिथून ती दिसत नसे.

त्याच्या महिनाभर आधी ती स्वयंपाकघरात कोसळली होती. हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर ऑपरेशन लगेच करा म्हणत होते. तिनं पुढे ढकललं. "आधी टेप. मग काय ते फाडा."

त्या सकाळी तिनं मला दम भरला, "अहो, काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही. आणि हळू. काल नुसतं धुणं आपटत होतात."

शेवटच्या रचनेत एक खर्जाचा सूर पायानं दाबून धरायचा होता. मध्येच वरची बोटं थांबत. घरी सराव करताना ती तिथे क्षणभर थांबायची. इथे बोटं थांबली ती थांबलीच. खालचा सूर तेवढा चालू राहिला.

ऑर्गनला वाजवणाऱ्याचा श्वास लागत नाही. पट्टीवर पाय पडलेला असला आणि भात्यात हवा असली, की पुरे. ती बाकावर कलंडली असती तरी सूर असाच येत राहिला असता, आणि तो मीच चालवला असता. मी दांडा सोडला.

सूर कण्हत कण्हत विझला. मी धावत पुढे आलो. ती ताठ बसली होती, हात पट्ट्यांवर अधांतरी. टेप सांभाळणारी अमेरिकन बाई हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, काय हे! वरच्या सुरांचा घुमारा विरायची वाट बघत होते मी."

"हात घसरला."

"घसरला? तोंड बघा जरा आरशात."

पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. तो सूर आला, बोटं थांबली. आता कारण माहीत होतं, म्हणूनच जास्त भीती वाटली. ती खरोखर पडली असती, तरी घुमारा विरायची वाट बघतेय असंच मी समजलो असतो. मी डोळे मिटून दांडा ओढत राहिलो. किती वेळ, ते कळलं नाही. मग बोटं चालू झाली.

टेप बंद झाल्यावर मी पुढे गेलो. ती अजून बाकावरच होती. माझा खांदा धरून उठली. तिचा तळहात गार आणि ओला होता.

"मघाशी दुसऱ्यांदा थांबले ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा हात परत चालतील असं वाटलं नव्हतं मला. उद्या डॉक्टरांना फोन लावा."

उद्यापर्यंत मी थांबलो नाही. चर्चच्या ऑफिसातूनच फोन लावला.